मांदेलीची उन्हाळी

मी कुत्रीच्या मागे डाव घेऊन फिरतो ही बातमी चिंचणीपर्यंत पोचली. चिंचणीला माझी मावशी असते. तिचा फोन आला, "दिपेश, तब्येत बरी हाय ना तुजी?" तेव्हा मी ठरवलं की जे झालं ते आपणच टाईप करून टाकायचं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते आणखी वाईट वाटतं. तसं याहून वाईट वाटायला फार जागा उरलेली नाही, पण तरी.

मांदेली म्हणजे आमची कुत्री. मांदेली मासळीसारखीच पिवळट आणि बारकी, म्हणून ते नाव. आमच्या नवापुरात तिचं काम ठरलेलं होतं. आमच्या घरामागे गावाचं खळं आहे. तिथं बायका जमिनीवर जवळा पसरून सुकवतात आणि बाजूच्या बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगतात. मांदेलीनं तिथं बसायचं आणि कावळे, मांजरं हाकलायची. स्वतः एका बोंबलाला तोंड लावायची नाही. गावात माझ्यापेक्षा तिला मान जास्त होता. हे मी रागानं लिहीत नाहीये, तसंच होतं.

भानगड मी केली.

मी एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. बारावीनंतर जे काही शिकलो ते मोबाईलवर. पंखा दुरुस्ती, एक्सेल, इंग्रजी बोलणं, सगळं शिकलो आणि सगळं अर्धं. एकदा मंदाकाकी सहज बोलून गेली, "तुमची कुत्री खल्याच्या कडेला मुतते, जरा बघ." मंदाकाकी आमची शेजारीण, तोंडानं तिखट. दुसऱ्या कुणी हे ऐकून 'बरं' म्हटलं असतं आणि विसरला असता. मी व्हिडिओ बघितले. त्यात टाय लावलेला एक माणूस सांगत होता की कुत्र्याला शू करायची जागा आणि वेळ ठरवून द्या. मी पट्टा आणला. मांदेलीला अंगणात बांधली आणि ठरवून टाकलं की मी शिफ्टवरून आलो की हिला सुरूच्या झाडांखाली न्यायची, तेव्हाच हिनं बसायचं. मध्ये कुठं बसायला लागली की मी "नो" म्हणायचो. आमच्या आळीत कुत्र्याशी इंग्रजीत बोलणारा मी पहिला.

वाईट गोष्ट अशी की ती शिकली. दिवसभर दाबून बसायला लागली. शिवाय पाण्याची वाटी दिवसा उचलून ठेवायची, म्हणजे काम आणखी सोपं, ही आयडिया त्या टायवाल्याची नव्हती. ती माझी स्वतःची. मग मी तिचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ट्रेनिंग सक्सेस. अठ्ठावन्न जणांनी बघितलं. त्यातल्या एकानं तरी मला हाणायला पाहिजे होतं.

थोड्या दिवसांनी मांदेली चार पावलं चालली की बसायची. दोन थेंब. पुन्हा चार पावलं, पुन्हा बसायची, आणि दरवेळी मान वळवून माझ्याकडं बघायची, मी नो म्हणतोय का ते. एकदा वाळूत पिवळ्यात लाल दिसलं.

समोरच्या घरात विश्राम तांडेल राहतात. बोट त्यांची, माझे बाबा त्यांच्याच बोटीवर जातात. ते ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "उन्हाळी लागली तिला."

उन्हाळी म्हणजे लघवीला आग होणं. आमच्याकडं हे कुणालाही होतं आणि प्रत्येकाकडं त्याचं औषध असतं, त्यामुळे बातमी पसरताच अंगणात दवाखाना भरला. कुणी म्हणालं सब्जा, कुणी धण्याचं पाणी, कुणी कोकम. एक बाई नारळ घेऊन आली आणि कुत्री पीत नाही म्हटल्यावर स्वतः पिऊन गेली. कंपनीत माझ्या बाजूला चिराग काम करतो, सालवडला भाड्यानं राहतो. तो म्हणाला, "भाई, जौ का पानी पिला दे. हमारे यहाँ भैंस को भी यही देते हैं." मी म्हटलं माझी कुत्री आहे. तो म्हणाला, "तो थोड़ा कम दे."

शेवटी विश्राम तांडेल बोलले, "ही बाकीची नाटकं सोड. सकालची ताडी पाज. बोटीवर आमी दुसरं काय घेतो? एका वाटीत मोकली व्हते."

आता यातला महत्त्वाचा शब्द 'सकाळची' हा होता. पहाटे झाडावरून उतरलेली ताडी गोड असते, पोटाला गार. तीच उन्हात राहिली की चढते. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. पण माझी पहिली शिफ्ट, सुटायला दुपार होते. मी ताडीवाल्या देवूच्या झोपडीवर पोचलो तेव्हा तो आवराआवर करत होता.

"सकाळची आहे काय?"

"सकालचीच हाय," देवू म्हणाला, "फक्त दुपार झालीय."

मला ते पटलं. का पटलं ते विचारू नका.

मांदेली वाटी चाटून पुसून प्यायली. मग आणखी मागितली. मी विचार केला, औषध आवडतंय तर द्यावं. वर आजारी जनावराला बांधून ठेवणं बरं दिसत नाही म्हणून पट्टा पण काढला. ती थोडा वेळ भिंतीकडं बघत बसली. मग उठली आणि कामावर निघाली.

खळ्यावर जाताना ती सरळ जात नव्हती एवढं मला दिसलं होतं. एका कावळ्यावर भुंकली, तो कावळा जागचा हलला नाही, तर त्याच्याकडं बघून शेपटी हलवली. मग मंदाकाकीनं त्या दिवशी बाजार बुडवून सकाळपासून पसरलेल्या जवळ्याच्या बरोबर मध्यभागी जाऊन तिनं गोल गोल फिरून जागा केली आणि आडवी झाली. आणि इतके दिवस माझ्या ट्रेनिंगमुळं जे दाबून ठेवलं होतं ते सगळं तिथं सुटलं. तांडेलांचं औषध लागू पडलं होतं.

मंदाकाकी झाडू घेऊन आली. मी धावत गेलो. वास सगळ्यांना आला, ताडीचा पण आणि दुसरा पण. काकी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दिपेश," ती म्हणाली, "तुजी कुत्री दारू पिऊन माज्या जवल्यात मुतली. हे काम माज्या नवऱ्यानंपन कदी केलं नाय."

जवळा टाकून द्यावा लागला. सगळा. आणि खळं गावाचं असल्यामुळं गोष्ट जमातीकडं गेली. आमच्याकडं मच्छीमारांची जमात असते, देवळासमोर बैठक होते, बोटींची भांडणं तिथं मिटतात. येत्या रविवारच्या बैठकीत विषय ठेवला, दिपेशची कुत्री. काकीचं म्हणणं होतं की कुत्री सालवडच्या पलीकडं एमआयडीसीत नेऊन सोडा. तिकडं सोडलेल्या कुत्र्यांचं काय होतं ते मी रोज शिफ्टला जाताना रस्त्यावर बघतो. टँकर थांबत नाहीत.

आई, म्हणजे हिरा, मंदाकाकीबरोबर रोज सुकी मासळी घेऊन बाजारात बसते. टेम्पोत दोघी शेजारी बसतात. त्या दिवसापासून काकी ड्रायव्हरच्या बाजूला बसायला लागली. आईनं मला जेवण वाढलं आणि ताट जरा जास्तच लांबून सरकवलं.

म्हणून मी मांदेलीला घेऊन जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक शेळी, एक बैल आणि आम्ही. नोंद घेणाऱ्यानं विचारलं, "काय हाय?" मी म्हटलं कुत्री. त्यानं रजिस्टरवर बोट फिरवलं. गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी. "कुत्र्याचा रकाना नाय. शेळीत टाकू?" मी म्हटलं टाका. "दूध देते?" मी म्हटलं नाही. "गाभण?" नाही. तो जरा नाराज झाला. मग म्हणाला डॉक्टर लसीकरणाला गेलेत, बसा. मागची शेळी मांदेलीचा कान चावत होती आणि मांदेली काही म्हणत नव्हती. आपण इथं शेळी म्हणून आलोय हे तिला कळलं असावं.

डॉक्टर दमून आले. मी सगळं सांगितलं. ताडीचा शब्द आल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं.

"किती पाजली?"

"वाटीभर. मग आणखी थोडी."

"वाटी केवढी?"

मी हातानं दाखवली. ते माझ्या हाताकडं बराच वेळ बघत राहिले. मी हात हळूहळू लहान केला.

"दारूनं कुत्रं मरतं," ते म्हणाले. "तुझं नशीब. आता तिची लघवी आण. ताजी, स्वच्छ, जमिनीवर पडायच्या आधी धरलेली."

"कशात धरू?"

"घरात लांब दांड्याचा डाव असेल ना."

तर डावाची हकिकत ही अशी. डाव आईचा, कालवणाचा. मांदेलीला उरलंसुरलं कालवण त्याच डावातून मिळायचं, त्यामुळे डाव दिसला की ती बसायची सोडून उभी राहायची आणि शेपटी हलवायची. मी डाव मागे लपवायचो. ती बसायची. मी हळूच डाव पुढं न्यायचो. ती उठायची. त्या संध्याकाळी आम्ही आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असं गेलो. ओट्याओट्यावर माणसं होती.

"मागून धर, मागून."

"अरे बघू नको तिच्याकडं, लाजते ती."

"तू शिट्टी वाजव. माझा नातू शिट्टीवर करतो."

मी शिट्टी वाजवली. मांदेली धावत येऊन माझ्या पायाशी बसली, नमस्कार केल्यासारखी. मंदाकाकी खिडकीतून म्हणाली, "तो डाव परत चुलीवर येनार काय?" कुणीतरी हसलं. आई आत होती. तिनं दार लावून घेतलं.

शेवटी दुसऱ्या दिवशी उजाडताना किनाऱ्यावर जमलं. मी वाळूत गुडघ्यावर, एक हात पट्ट्याला, एक हात डावाला, गाल जवळजवळ जमिनीला टेकलेला. आणि डावात थेंब पडत असताना वर बघितलं तर रस्त्यावर मासळीचा टेम्पो उभा. मागे बसलेल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. टेम्पो चिंचणीचा होता.

बाटली भरली. दवाखाना उशिरा उघडतो, म्हणून मी बाटली बॅगेत टाकून कामावर गेलो, हाफ डे टाकून दुपारी निघायचं असं ठरवून. इथं मी एक गोष्ट विसरलो. केमिकल कंपनीच्या गेटवर बॅग तपासतात, आत जाताना पण आणि बाहेर येताना पण. जाताना वॉचमन ओळखीचा होता, सुटलो. दुपारी सिक्युरिटी ऑफिसर स्वतः उभे होते. त्यांनी बाटली उजेडात धरली. पिवळं, गढूळ, तळाला लालसर.

"कुठल्या टाकीतलं आहे?"

"टाकीतलं नाही साहेब."

"सॅम्पल कुणासाठी बाहेर नेतोयस? कुणी सांगितलं?"

मागे जेवणाच्या सुट्टीत बाहेर निघालेल्यांची रांग. मी हळूच म्हटलं, "साहेब, लघवी आहे."

"कुणाची?"

"कुत्रीची."

चिराग मागून ओरडला, "सही बोल रहा है सर, उन्हाली है उसको." पण साहेबांनी आयुष्यात खूप थापा ऐकल्या असाव्यात. बाटली कंपनीच्या लॅबमध्ये गेली, मी पण गेलो. लॅबमधल्या केमिस्टनं झाकण उघडलं, नाक मागे घेतलं आणि म्हणाला, "सर, हे आपल्याकडं बनत नाही." तरी नियम म्हणून त्यानं पीएच काढला. "खूप वर आहे," तो म्हणाला, "हे असंच नाल्यात सोडायला परवानगी मिळणार नाही." मला बाटली परत मिळाली. त्यावर लेबल लावलं होतं, नमुना दिपेश. खाली स्रोत म्हणून काहीच लिहिलं नव्हतं. त्यामुळं काय समजायचं ते ज्यानं त्यानं समजलं.

डॉक्टरांनी त्यात पट्टी बुडवली, एक थेंब काचेवर घेऊन बघितला. "पू आहे, रक्त आहे. पीएच पण वर असणार."

"वर आहे," मी म्हटलं, "कंपनीत काढला."

ते पहिल्यांदा माझ्याकडं माणूस म्हणून बघत होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण हिला दाबून ठेवायची सवय कुणी लावली? गावातलं मोकळं कुत्रं हे करत नाही."

"ट्रेनिंग दिलं," मी म्हटलं.

"कुणी?"

मी मांदेलीकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, मी नो म्हणतोय का ते. "मीच," मी म्हटलं.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पाणी भरपूर, आणि तिला लागेल तेव्हा, लागेल तिथं जाऊ द्यायचं. गोळी बोंबलात लपवून दिली की मांदेली बोंबील खायची आणि गोळी माझ्या चपलेवर ठेवायची. पण निम्म्या तरी पोटात गेल्या. रविवार आला तेव्हा ती पुन्हा एका दमात बसायला लागली होती. मला वाटलं एवढं सांगितलं की झालं.

देवळासमोर पुरुष पुढं, बायका मागं. मधे विश्राम तांडेल. मी मोबाईलवर भाषण टाईप करून नेलं होतं, 'आदरणीय जमात' असं सुरू होणारं. तांडेल म्हणाले, "वाचू नको. बोल." मी बोलायला लागलो आणि पुरुष हसायला लागले. डावावरून, ताडीवरून, गेटवरून. गेटची गोष्ट सगळ्यांना कशी माहीत ते मला अजून कळलेलं नाही. मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

मंदाकाकी उभी राहिली. "हसू नका. डॉक्टर काय बोलला ते सांग. तुज्या मनाचं नको, त्याचं."

"बोलले, पाणी कमी प्यायलं आणि लघवी दाबून ठेवली की आत कुजतं. मग आग होते. सारखी लागते, पण थेंबच येतात."

"पाणी का नाय प्यायली?"

"प्यायली तर लागेल म्हणून मीच वाटी उचलून ठेवायचो."

"आन दाबून का ठेवली?"

"जायला जागा नव्हती, काकी. म्हणजे मी देत नव्हतो."

मागे बायकांची कुजबुज चालली होती ती थांबली. मला वाटलं माझी किळस आली. काकी जरा जवळ आली.

"ताप येतो?"

"येतो म्हणाले."

"थंडी वाजून?"

"ते नाही विचारलं."

"आन हितं?" तिनं हात मागे नेऊन कमरेच्या वर दाबला. "हितं दुकतं?"

"काकी, कुत्री आहे ती. दुखतंय की नाही ते कसं कळणार?"

"दुकतं," आई म्हणाली.

सगळ्यांनी मागे बघितलं. आई जमिनीकडं बघत होती. तिनं ते बोंबलाचा भाव सांगावा तसं सांगितलं होतं. तिच्या बाजूची बाई म्हणाली, "रातचं जास्त." आणखी एक म्हणाली, "मला तर मागच्या शिमग्यापासून." मघाशी हसणारे पुरुष आपापल्या पायांची बोटं बघायला लागले. तांडेल देवळाच्या पत्र्याकडं बघत होते.

या बायका उजाडायच्या आधी टेम्पोनं जातात आणि दिवस मावळताना येतात. जिथं बसतात तिथं आडोसा म्हणून काही नाही. म्हणून सकाळी चहाचा घोट घेतला की पाणी बंद, घरी येईपर्यंत. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आई आली की टोपली ओट्यावर टाकून पहिली मागच्या दारी धावते, हे मी लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं पाय धुवायला. कुत्रीच्या चार थेंबांसाठी मी दवाखाना, कंपनी, लॅब, सगळं पालथं घातलं होतं.

"कुत्री राहू दे," मंदाकाकी म्हणाली.

तांडेलांनी घसा साफ केला. "आन जवल्याचं?"

"जवल्याचं मी आन हिरा बघू. उद्या टेम्पो जानार नाय." मग माझ्याकडं वळून, "तुजा तो डॉक्टर बायकांना बघतो काय?"

"काकी, तो जनावरांचा आहे."

"मग बायकांचा शोद. मोबाईल हाय ना तुज्याकडं."

सोमवारी मी दोन रिक्षा करून सात बायकांना बोईसरला घेऊन गेलो. मी पण आत येतो म्हटलं तर आई म्हणाली, "तू भायेर बस." मी बाहेर बाकावर बसलो. आतून एकेक जण यायची, हातात रिकामी बाटली, माझ्याकडं न बघता कोपऱ्यातल्या दाराकडं जायची. मी फोनमध्ये डोकं घातलं. फोन बंद होता.

आई शेवटी आली. काकी तिच्या मागे, पदरानं तोंड पुसत.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"पानी पी बोलला," आई म्हणाली. "दिवसभर, भरपूर."

"आणि?"

"मी बोलले, पिते की. मंग जायचं कुटं, तेवढं पन चिठीवर लिवून दे."

मी चिठ्ठी तिच्या हातातून घेतली. गोळ्यांची नावं होती, सकाळ-संध्याकाळ लिहिलं होतं. मी मागची बाजू पण बघितली.

"नको बघू," आई म्हणाली. "नाय लिवलं."